येशूवर विश्वास असेल तर घरीच प्रार्थना करून चालत नाही का? चर्च कशासाठी?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर घरी नवा करार वाचताय, रोज प्रार्थना करताय, पण ख्रिस्ती माणसानं नेमकं काय मानायचं असतं हे कुणी नीट सांगत नाही; आणि चर्चला न जाता हे सगळं का चालू नये, हेही कळत नाही.

दोन्हींचं उत्तर एकाच छोट्या मजकुरात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. ‘प्रेषितांचा विश्वासांगीकार’, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची थोडक्यात कबुली, जेमतेम पाव पानाचा आहे आणि अनेक मंडळ्या (ख्रिस्ती लोकांचे समुदाय) तो उपासनेत उभं राहून एकत्र म्हणतात. पहिला भाग पित्याविषयी, दुसरा पुत्राविषयी, तिसरा पवित्र आत्म्याविषयी. या तिसऱ्या भागात पापांची क्षमा, मेलेल्यांचं पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन यांच्याच रांगेत ‘पवित्र सार्वत्रिक मंडळी’ येते. म्हणजे चर्च ही विश्वासानंतरची सोय नाही, ज्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा त्यांतलीच ती एक आहे.

दुसऱ्या भागात एक नाव सगळ्यांना खटकतं: पंतय पिलात. हा यहूदियाचा रोमी सुभेदार, साधारण इ. स. २६ ते ३६ या काळातला. इतक्या पवित्र मजकुरात त्याचं काय काम? ख्रिस्ती विश्वास एका घडलेल्या गोष्टीवर उभा आहे, हे सांगण्याचं काम. अमुक सुभेदाराच्या अमलात येशूला वधस्तंभावर खिळलं, पुरलं, आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात स्पष्टच म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. बाकीचे सिद्धांत याच खुंटीला टांगलेले आहेत.

आपल्याकडे गोंधळ बहुतेक तीन जागी होतो. पहिला, देहधारणाला, म्हणजे देवाच्या पुत्रानं माणूस होण्याला, अवतार समजणं. अवतार अनेक होतात, काम संपलं की रूप सोडतात. योहान १:१४ मधला ‘शब्द (म्हणजे पुत्र) देही झाला’ ही एकदाच घडलेली गोष्ट आहे आणि पुनरुत्थानानंतरही ख्रिस्तानं ते मनुष्यपण टाकलेलं नाही. दुसरा, त्रैक्य म्हणजे तीन देव समजणं. इ. स. ३२५ मध्ये नायसिया इथल्या परिषदेनं पुत्र हा निर्माण केलेला नसून पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे असं ठरवलं. ३८१च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनंतर पवित्र आत्म्याविषयीचा भागही भरून आला. देव एकच, व्यक्ती तीन. पाणी-बर्फ-वाफ हा दाखला मात्र टाळा, कारण त्यात एकच व्यक्ती तीन रूपं बदलते असा अर्थ निघतो, आणि मंडळीनं तो फार पूर्वीच नाकारला आहे.

तिसरा गोंधळ सगळ्यांत खोल आहे: तारणाला, म्हणजे पापातून होणाऱ्या सुटकेला, नवसाच्या हिशेबात बसवणं. ‘मुलगा बरा झाला तर चर्चला येईन’ हा व्यवहार झाला. इफिस २:८-९ म्हणतं की तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नव्हे. लगेच १०वी ओळ सांगते की सत्कर्मांसाठीच आपल्याला घडवलं आहे. कर्मं आधी नाहीत, पण नंतर नसली तर विश्वास मेलेला, असं नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोबही म्हणतो.

आता मंडळी. ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’, म्हणजे बोलावून जमवलेले लोक. आपल्या मराठीनं इमारतीला चर्च आणि माणसांना मंडळी म्हणून हा भेद जपला, हे फार बरं झालं. ती काय करते? प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये चार कामं आहेत: प्रेषितांचं शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं (म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र घ्यायचं प्रभुभोजन) आणि प्रार्थना. यातलं प्रार्थनेचं आणि थोडंफार शिक्षणाचं काम घरी होईल. सहभागिता एकट्यानं होत नाही, प्रभुभोजन एकट्याचं नसतं, बाप्तिस्मा (पाण्यानं होणारी ख्रिस्ती दीक्षा) स्वतःच स्वतःला देता येत नाही. ‘एकमेकांची ओझी वाहा’ ही आज्ञा पाळायला दुसरा माणूस लागतो, आणि तो आपल्या आवडीचाच असेल असं नाही.

करिंथमध्ये नेमकं इथंच बिघडलं होतं. श्रीमंत आधी येऊन जेवत आणि गरीब उपाशी राहत. पौलानं सुनावलं की हे प्रभुभोजनच नव्हे. ज्या मराठवाड्यात पाणवठे जातीनं वेगळे होते तिथं एका भाकरीत सगळ्यांचा वाटा असण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. ब्राह्मण घरातून आलेल्या नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं. त्यांचं काम प्रामुख्यानं मांग समाजात होतं. जिथं मंडळीतही जात पाहून सोयरीक ठरते तिथं आपण करिंथचंच पाप करतो, हे मला स्पष्ट म्हणायचं आहे.

तुम्ही असं करा. मार्कचं शुभवर्तमान १६ अध्यायांचं आहे, ते एका आठवड्यात सलग वाचा; मग प्रेषितांची कृत्ये, मग रोमकरांस पत्राचे पहिले आठ अध्याय. त्यानंतर जवळच्या मंडळीत जा: उत्तर भारतीय चर्चची (ही १९७० साली नागपुरात अनेक चर्च एक होऊन बनली), मेथॉडिस्ट, किंवा कॅथलिक, ज्यांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७पासूनचा आहे. गीतं, पापांगीकार, शास्त्रवाचन, संदेश, अर्पण, आशीर्वाद असा साधारण क्रम असतो. गीतांमध्ये नारायण वामन टिळकांची पदं भेटतील, ती परकी वाटणार नाहीत. अर्पणाची थैली समोर आली तर काही टाकलंच पाहिजे असं नाही. प्रभुभोजनाला मात्र बाप्तिस्म्याआधी पुढं जाऊ नका, जागेवर बसून प्रार्थना करा.

मंडळी पारखताना विचारा: विश्वासांगीकार मानता का, मंडळीचा कारभार पाहणारे पंच कोण निवडतं, जमाखर्च वार्षिक सभेत वाचला जातो का. बरं करण्याची हमी देणारा, डॉक्टरचं औषध बंद करायला सांगणारा किंवा प्रार्थनेचे पैसे मागणारा भेटला तर तिथून उठा.

बाप्तिस्म्याची घाई नको. आधी पाळकाकडून किंवा फादरांकडून शिक्षण घ्या, घरच्यांशी बोला. तुम्ही अनुसूचित जातीतले असाल तर १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तो दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, ख्रिस्ती झाल्यावर राहत नाही. पाळकानं हे आधीच सांगायला हवं. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.