डब्यातल्या लिरा आणि आजीची पुतळी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

मामांच्या डब्यातल्या, युरो येण्याआधीच्या युरोपी नाण्यांचे फोटो मिळाले. चिंचेनं घासून लख्ख केलीस, ते मात्र चुकलं. पुन्हा करू नकोस. 'किती येतील?' या प्रश्नाचं उत्तर: फारसे नाहीत. मार्क तेवढे जर्मनीची मध्यवर्ती बँक अजून बदलून देते, १.९५५८३ मार्कांना एक युरो. इटलीच्या लिरा आणि ग्रीसच्या द्राख्माची मुदत कधीच संपली.

म्हणून आता नावं वाच. लिरा म्हणजे लॅटिन 'लिब्रा': तराजू, आणि एक वजनही. मार्क हेही वजनच. द्राख्मापाशी मात्र थांब. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ मूठभर. ओबोल हे त्याहून लहान नाणं; सहा ओबोलांची एक मूठ. हाच शब्द संस्कृतात 'द्रम्म' झाला, कोकणातल्या शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत सापडतो, आणि 'दामदुप्पट' म्हणताना तुझ्या तोंडी असतो तो 'दाम'ही त्याचाच.

फ्रँक म्हणजे 'मुक्त', १३६० साली इंग्रजांच्या कैदेतून सुटलेल्या फ्रान्सच्या राजा जाँचं नाणं, असं तू ठासून लिहिलंयस. असेलही. पण त्याच नाण्यावर 'फ्रँकोरुम रेक्स', फ्रँक लोकांचा राजा, असंही कोरलंय. दोन्ही लिहून ठेव, एक खोडू नकोस.

मला सगळ्यात आवडतो तो डुकाट. व्हेनिसनं १२८४ पासून पाडलेलं हे सोन्याचं नाणं. त्यावरच्या लॅटिन ओळीचा शेवट 'डुकाटुस', म्हणजे ड्यूकचं राज्य. पुढे टांकसाळीवरून त्याला 'झेक्किनो' म्हणू लागले. टांकसाळ म्हणजे 'झेक्का', मूळ अरबी 'सिक्का'. आपला शिक्का तिथलाच! व्यापाऱ्यांच्या थैल्यांतून हा डुकाट आपल्या किनाऱ्याला लागला. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा ड्यूक. इथल्या लोकांना ना ड्यूक ठाऊक, ना संत. दिसल्या त्या आकृत्या, आणि नाव पडलं पुतळी.

आजीच्या पुतळ्यांच्या माळेवर एकदा भिंग धर. बहुतेक सोनारानं केलेली नक्कल निघेल, अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या. पण एखादीवर अक्षरं लागली, तर तो डबा राहू दे बाजूला. आधी तिचा फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा.