पोरगी पेपर सावकाश वाचते, वाचू द्या

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे राज्यसेवा द्यायची असं ठरलंय. वडिलांनी तयार निबंधांचं पुस्तक आणलं असून रोज रात्री जेवणाआधी ते तिच्याकडून एक निबंध पाठ म्हणवून घेतात. त्यांची तक्रार अशी, की मुलगी पेपरातला एकच लेख तासभर घेऊन बसते आणि कडेला पेन्सिलीनं प्रश्न लिहीत राहते. 'अशानं सिलॅबस कधी संपायचा?'

भाऊ, मला मुलीच्या वाचनाची काळजी वाटली नाही, तुमच्या रात्रीच्या पाठांतराची वाटली. 'एक ओळ चुकली तरी पहिल्यापासून म्हणायला लावतो,' असं तुम्ही लिहिलंय. कॉलेजात शिकणारी, कळती पोरगी आहे ती. ताटावर बसण्याआधी रोज तिची तोंडी परीक्षा घेतलीत तर ती निबंध शिकणार नाही, तुम्हाला टाळायला शिकेल. आजपासून हे बंद करा. आणि एवढ्या लांबलचक पत्रात तिला स्वतःला राज्यसेवा द्यायची आहे का, याबद्दल एक ओळही नाही. ते आधी तिला विचारा.

परीक्षेचं सांगायचं तर राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक, म्हणजे उत्तरं सविस्तर लिहायची, अशी झाली आहे. निबंधाचा पेपर २५० गुणांचा, यूपीएससीलाही तेवढाच, आणि दोन्हीकडे मराठीत लिहिता येतं.

पाठ केलेला निबंध तिथे उतरवता येईल, हा मोठा गैरसमज आहे. विषय तुमच्या पुस्तकातून येत नाही. जवळपासचा आला तरी पाठांतर केलेला विद्यार्थी विषय आपल्या निबंधाकडे ओढत नेतो, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्याच पानावर कळतं. त्याला बघायचं असतं की हा मुलगा किंवा ही मुलगी कुठल्या बाजूची आहे, का आहे, आणि दुसऱ्या बाजूला काय उत्तर देते. हे वाचताना स्वतःला प्रश्न विचारूनच अंगात भिनतं.

ठिबक सिंचनावरच्या लेखाशेजारी तिनं लिहिलं, 'वाचलेलं पाणी गेलं कुठे?' तुम्हाला तो फाजीलपणा वाटला. मला मात्र ती ओळ वाचून फार बरं वाटलं. ठिबकनं एकरी पाणी कमी लागतं, हे खरंच. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर केळी लावली, तर विहिरीतून उपसा तेवढाच होतो. रावेर-यावल पट्ट्यात ठिबक घरोघरी पोचलं, तरी बोअर खोलच जात राहिले, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. मग दोष ठिबकचा, पीकपद्धतीचा, की केळीशिवाय हमखास पैसा देणारं दुसरं पीक हाती नसल्याचा? पाणी, शेती, विकास यांपैकी कुठलाही विषय आला तरी या एका प्रश्नावर तिचा निबंध उभा राहतो. तयार पुस्तकात तो सापडायचा नाही.

एक उणीव मात्र दिसते. ती प्रश्न लिहून पुढे जाते. तिला सांगा, लेख मिटून ठेवायचा आणि आपल्या शब्दांत पाच-सहा ओळींत उत्तर लिहायचं. लेखकानं आकडा दिला असेल तर तो कुठून आला? कोणाचं म्हणणं लेखात आलंच नाही, केळीच्या घडांची वाहतूक करणाऱ्या मजुराचं, की बोअर परवडत नाही अशा कोरडवाहू शेतकऱ्याचं? लेखकाचं पटलं असेल, तर कोणत्या कारणानं? जो लेख तिला पटत नाही, तो तर नक्की वाचावा. दिवसाला एकच लेख असा वाचला तरी पुष्कळ झालं. आठवड्याला एक निबंध घड्याळ लावून लिहावा.

पुण्याच्या स्पर्धा परीक्षा क्लासची फी पदवीची परीक्षा होईपर्यंत भरू नका. पुढचं पत्र तिला लिहू द्या, तिला काय करायचंय ते तिच्या शब्दांत. सोबत ठिबकवरचा तिचा निबंध पाठवा. मी तपासून परत पाठवीन.