स्थूल मुलांचे स्नायू आणि चयापचय: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझा ११ वर्षांचा मुलगा दोन महिने रोज मैदानावर खेळतो, तरी वजन उतरत नाही. मग उपयोग काय? (एक आई, धरमपेठ)

उत्तर: हे दोन महिने वाया गेले असे मुळीच समजू नका. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा इन्सुलिनच्या (स्वादुपिंडात तयार होणाऱ्या संप्रेरकाच्या) मदतीने स्नायू उचलतात. परंतु स्थूलपणात स्नायूंमध्ये चरबी साचू लागली की ते इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत आणि स्वादुपिंडावरचा ताण वाढतो. आकुंचन पावणारा स्नायू मात्र इन्सुलिनवाचूनही साखर ओढून घेतो, आणि खेळ थांबल्यावरही काही तास तो इन्सुलिनला अधिक चांगली दाद देतो. म्हणून वजन तेवढेच असतानाही चयापचय सुधारू शकते. शिवाय उंची वाढत असताना वजन स्थिर राहिले, तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) कमीच होतो. काट्याऐवजी टेप घ्या: कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा.

प्रश्न: मुलीच्या मानेवरचा काळपट, जाडसर पट्टा घासूनही जात नाही. (महाल)

उत्तर: कृपया घासू नका; तो मळ नसावा. स्थूल मुलांत असा पट्टा बहुधा वाढलेल्या इन्सुलिनची खूण असतो. बालरोगतज्ज्ञांना दाखवून उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) आणि यकृताची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न: ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटते, असे आजोबा म्हणतात. खरे आहे का? (मानेवाडा)

उत्तर: नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत. जाणकाराच्या देखरेखीखाली केलेल्या अशा व्यायामाने वाढ खुंटत नाही. स्थूल मुलाची एकूण ताकद बरेचदा वर्गमित्रांहून जास्त असते, परंतु स्वतःचे वजन पेलताना ती तोकडी पडते. त्यामुळे धावण्यात मागे राहणारे मूल रस्सीखेचीत पुढे असू शकते. पालकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे, कारण पहिल्याच दिवशी दोरीवर लटकायला लावून हसे झालेले मूल पुन्हा मैदानाकडे फिरकत नाही. सुरुवात खुर्चीवरून हात न टेकवता दहादा उठण्याने, भिंतीला हात लावून काढलेल्या जोरांनी करावी. मल्लखांब पुढे येईलच. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा मैदान सकाळी सातच्या आत आटोपावे आणि बाकीचा व्यायाम घरात पंख्याखाली करावा.