नळ बदललात, तारीख पाहिलीत का?

प्रश्न : मी बोरिवलीला राहतो. पुण्याच्या एका फॅब्रिकेटरकडून साडेआठ लाखांत टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर व्हॅन (आत राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) करून घेतली. सिंकचा नळ बुडाशी गळू लागला, खालचं प्लायवूड फुगलं. तो 'बघतो' म्हणत राहिला, म्हणून शेवटी आमच्या प्लंबरकडून नळ बदलून घेतला. आता तो म्हणतो, बाहेरच्या माणसाने हात लावला, वॉरंटी संपली. खरंच संपली का?

उत्तर : वॉरंटीचं नंतर पाहू. 'बाहेरच्याने हात लावला' हे उत्तर वॉशिंग मशीनवाल्यापासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळेच देतात. तुमचं घोडं अडलंय वेगळ्याच ठिकाणी. पाठवलेल्या कागदांत गळतीचा पहिला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज १२ ऑगस्ट २०२४चा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ६९प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. म्हणजे १२ ऑगस्ट २०२६पर्यंत. आणि तुम्ही मला लिहिताय जुलैत!

मधल्या काळात "सर, गणपतीनंतर माणूस पाठवतो", "सर, दिवाळी होऊ द्या" एवढंच जमा केलंत. अशा मेसेजांनी मुदत वाढते असा तुमचा समज दिसतो. नाही वाढत. वकिलाच्या नोटिशीनेही नाही. जानेवारी २०२५मध्ये त्यांचा माणूस टेफ्लॉन टेप गुंडाळून गेला, तिथून मुदत मोजा असा युक्तिवाद करता येईल; पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. विलंबमाफीची तरतूद आहे, मात्र सबळ कारण लागतं. 'विक्रेत्यावर विश्वास ठेवला' हे कारण ग्राहक आयोगाला पटेल की नाही, याची हमी कोणी देणार नाही.

जुना नळ प्लंबर घेऊन गेला, असं एका ओळीत लिहून मोकळे झालात. अहो, तोच तुमचा पुरावा! फोटोत नळाखालच्या प्लॅस्टिकच्या नटाला उभी चीर स्पष्ट दिसते. वस्तूतला दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवतो. नमुनाच भंगारात गेला असेल तर काय पाठवणार? आजच प्लंबरला फोन करा. मिळाला तर न धुता-पुसता पिशवीत बंद करून ठेवा. नाही मिळाला तर त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या, की नळ काढला तेव्हा नट चिरलेला होता आणि प्लाय आधीच फुगलेलं होतं. गळती आधीची आणि बदल नंतरचा, हे तारखांवरून दिसलं तर वॉरंटीच्या त्या अटीचा जोर बहुधा ओसरेल.

मूळ नळात मायक्रोस्विच होता. नळ उघडला की १२ व्होल्टचा पंप सुरू व्हायचा. तुमच्या प्लंबरने घरातला साधा नळ बसवून पंपाला वेगळं बटण दिलं. समोरचा वकील सगळं नुकसान त्या बटणावर ढकलणार, हे धरूनच चाला. नव्या जोडणीचेही फोटो काढा, आणि नंतर जळलेल्या पंपाची भरपाई यात घुसडू नका. नळ, सिंकखालचं कपाट आणि मनस्तापाची माफक रक्कम, एवढंच मागा.

पुण्याला खेटे घालायची गरज नाही. राहत्या ठिकाणी तक्रार करता येते. तुमच्यासाठी वांद्र्याचा मुंबई उपनगर जिल्हा आयोग. ग्राहक तक्रारींच्या 'ई-जागृती' या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरा, साडेआठ लाखांच्या मोबदल्याला शुल्क २०० रुपये. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा. चाचणी लागली तर पाच महिन्यांत, नाहीतर तीन महिन्यांत निकाल, असं कायदा सांगतो. आयोगाच्या व्हरांड्यात हे मोठ्याने बोलू नका, लोक हसतील.

आधी नोटीस, मग पंधरा दिवस उत्तराची वाट, एवढी सवड आता नाही. कपाटाच्या दुरुस्तीचं सुताराचं बिल आलं नसेल तर त्याचं अंदाजपत्रक जोडा आणि जुलै संपायच्या आत तक्रार भरा.