वापरलेला डीएसएलआर घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फोटोग्राफीची नुकतीच सुरुवात केली आहे. दोन वापरलेले कॅमेरे पाहून ठेवलेत, कॅननचा १५००डी आणि निकॉनचा डी३५००. दोन्हींसोबत १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी झूम लेन्स) आहे आणि किंमतही जवळपास सारखीच सांगतात. कोणता घ्यावा? पैसे देण्याआधी काय तपासावं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मेगापिक्सेलची तुलना सोडून द्या. दोन्ही मॉडेल २०१८ची, दोन्हींचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) एपीएस-सी या एकाच आकाराचा आणि २४ मेगापिक्सेलचा. छापलेल्या फोटोवरून कोणता कुठला हे ओळखता येणार नाही. फरक कळतो तो वापरताना. निकॉन सेकंदाला ५ फोटो काढतो, कॅनन ३. फोकसचे बिंदू निकॉनला ११, कॅननला ९. कंपन्यांच्या आकड्यांनुसार एका चार्जमध्ये निकॉन सुमारे १५५० फोटो काढतो, तर कॅनन ५००च्या आसपास. दिवसभर यात्रेत फिरायचं असेल तर ही तफावत लहान नाही. लेन्सच्या बाबतीत मात्र कॅननवाल्याला कमी विचार करावा लागतो, कारण त्यांच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्समध्ये फोकसची मोटर लेन्समध्येच असते. डी३५००च्या बॉडीत मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर हाताने फोकस कराव्या लागतात. निकॉन घेतलात तर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच लेन्स घ्या. दोन्ही नग सारख्याच चांगल्या स्थितीत असतील तर आमचा कल निकॉनकडे आहे. पण नग कसा आहे हे मॉडेलपेक्षा महत्त्वाचं, म्हणून तपासणी नीट करा.

स्वतःचं एसडी कार्ड घेऊन जा आणि घाई नसलेली वेळ ठरवा. पहिली तपासणी धुळीची. या दोन्ही कॅमेऱ्यांत सेन्सर थरथरवून धूळ झाडण्याची सोय नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळी वाऱ्यात लेन्स बदलली की धूळ आत जातेच. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एफ/१६ किंवा एफ/२२, झूम ५५वर, फोकस मॅन्युअल करून मुद्दाम बिघडवा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. शटर उघडं असताना कॅमेरा जरा हलवला तरी चालेल : भिंतीवरचे डाग पुसट होतील, सेन्सरवरचे तसेच उमटतील. फोटो मोठा करून एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पाहा. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) दिसणारे पण फोटोत न येणारे कण आरशावरचे किंवा फोकसिंग स्क्रीनवरचे असतात, त्यांची काळजी नको. सुटी धूळ रबरी फुग्याने जाते : बॅटरी पूर्ण भरलेली, मेनूतून आरसा वर उचललेला, कॅमेऱ्याचं तोंड खाली. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे डाग पडतात. फुग्याने न जाणारे डाग सर्व्हिस सेंटरमधून ओल्या पद्धतीने काढून घ्यावे लागतात, तो खर्च किमतीतून वजा करून मागा.

दुसरी तपासणी फोकसची, आणि लोक नेमकी हीच विसरतात. वर्तमानपत्र टेबलावर पसरा, कॅमेरा ट्रायपॉडवर तिरका लावा, झूम ५५वर, अ‍ॅपर्चर एफ/५.६. व्ह्यूफाइंडरमधून मधल्या बिंदूने एक ठळक ओळ पकडा आणि पाचसहा फोटो काढा, प्रत्येक वेळी आधी फोकस बिघडवून. मग तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून करा. लाइव्ह व्ह्यू थेट सेन्सरवरून फोकस करतो, व्ह्यूफाइंडरने पाहताना मात्र ते काम वेगळ्या सेन्सरकडे असतं. लाइव्ह व्ह्यूची ओळ धारदार, पण व्ह्यूफाइंडरने काढलेल्या प्रत्येक फोटोत पुढची किंवा मागची ओळ स्पष्ट, असं दिसलं तर जुळणी बिघडली आहे. ती दुरुस्त करण्याची सोय या दोन्ही कॅमेऱ्यांच्या मेनूत नाही. असा नग सोडून द्या.

बाकीचं पटकन होतं. विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून एफ/८वर फोटो काढा. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स आपटलेली असू शकते. लेन्समधून टॉर्च टाकून बुरशीचे जाळीदार धागे शोधा. सोलापूरची हवा कोरडी, पण कॅमेरा मुंबईहून किंवा कोकणातून आलेला असू शकतो. १/४००० सेकंदाला काढलेल्या फोटोत काळा पट्टा आला तर शटर गेलं म्हणून समजा. निकॉनच्या मूळ जेपीजी फाइलमध्ये शटर किती वेळा उघडलं याची नोंद असते. कॅननसाठी केबल जोडून वेगळं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. या वर्गातल्या शटरचं आयुष्य ढोबळमानाने १ लाख क्लिक धरतात.

प्रश्न : गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) मिरवणुकीत संध्याकाळी काढलेले फोटो हललेले येतात. लेन्सवर स्टॅबिलायझर चालू असतो. कॅमेऱ्यात दोष आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. स्टॅबिलायझर तुमच्या हाताची थरथर सावरतो, नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या) घेऊन चालणाऱ्यांची हालचाल थांबवू शकत नाही. त्यासाठी शटरचा वेग निदान १/१२५ सेकंद हवा. किट लेन्स ५५वर एफ/५.६च्या पलीकडे उघडत नाही. एफ/१.८ची लेन्स तिच्या साडेनऊपट उजेड आत घेते, म्हणजे जिथे १/१५ मिळत होता तिथे त्याच आयएसओवर १/१२५ मिळतो. निकॉनवर ३५ मिलिमीटर एफ/१.८ घ्या. कॅननवर ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम स्वस्त आहे, पण अरुंद गल्लीत ती फार जवळचं दाखवते, सातही नंदीध्वज एका चौकटीत मावणार नाहीत. आणखी एक : पांढऱ्या बाराबंदीतली (यात्रेच्या पारंपरिक पोशाखातली) माणसं चौकटभर असली की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि सगळं करडं करतो. एक्स्पोजर +०.७ किंवा +१वर न्या. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला यातलं काही लागत नाही : ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/११, मॅन्युअल फोकस आणि ४ सेकंद. तिथे किट लेन्स पुरेशी आहे.

प्रश्न : नान्नजच्या माळरानावर पक्षी आणि काळवीट टिपायला ३०० मिलिमीटर पुरेल का? ७०-३०० लेन्सने दुपारी काढलेले फोटो धुरकट येतात.
– एक वाचक, उत्तर सोलापूर

उत्तर : काळविटाच्या कळपाला पुरेल, चंडोलासारख्या लहान पक्ष्याला कमी पडेल. धुरकटपणा लेन्सचा नाही. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते आणि दूरच्या वस्तूची कड विरघळते; कितीही महाग लेन्स लावली तरी ती लहर फोटोत येतेच. सूर्योदयापासून पहिल्या दोन तासांत फोटो काढा आणि अंतर कमी ठेवा. वाऱ्यात लेन्स बदलावीच लागली तर कॅमेरा बंद करून, वाऱ्याकडे पाठ फिरवून, बॉडीचं तोंड खाली धरून बदला.