वर्षअखेरीच्या इंग्रजीच्या तासाला व्हिडिओ? लावा, पण त्यातलं काहीतरी लपवा

तुमचा प्रश्न मला असा कळला: परीक्षा झाली, पुस्तक संपलं, इंग्रजीचे पाच-सहा तास उरलेत. मुलं आठ-नऊ वर्षांची, इंग्रजी जेमतेम. तर सरळ एखादा सिनेमा लावून द्यावा का?

नका लावू. मी लावून पस्तावलेय. पहिल्या वर्षी दीड तासाचा कार्टूनपट दोन दिवसांत वाटून दाखवला. वीसेक मिनिटं वर्ग चिडीचूप. मग ज्यांना इंग्रजी कळत होतं ते हसायला लागले आणि बाकीचे 'हे का हसले' म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. शेवटी शेवटी मागच्या बाकांवर खोडरबरांची फेकाफेक. दोन दिवसांत कुणाच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द निघाला नाही. त्यांनी का बोलावं? सगळं तर पडद्यावर दिसतच होतं.

तेव्हापासून माझं गणित सोपं आहे. व्हिडिओ तीन ते पाच मिनिटांचा आणि त्यातली एक गोष्ट मुलांपासून लपवलेली: आवाज, चित्र किंवा शेवट. जे लपलंय ते शोधायला मूल आपणहून बोलतं.

निवड करताना शक्यतो संवाद नसलेलं काहीतरी घ्या. 'शॉन द शीप' या मेंढ्यांच्या कार्टून मालिकेत कुणी शब्दांत बोलतच नाही, नुसतं बें-बें करणं आणि गुरगुरणं. 'पिंगू'मधला पेंग्विन तर बनावट भाषेत बडबडतो. ऐकून कळण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे हुशार आणि कच्ची मुलं एका पातळीवर येतात. एक भाग पाच-सात मिनिटांचा असतो. त्यातला तीन मिनिटांचा तुकडा एका तासाला पुरून उरतो.

आता माझा सगळ्यात लाडका खेळ. जोड्या करा. एकाचं तोंड पडद्याकडे, दुसऱ्याची पाठ. आवाज बंद. बघणाऱ्यानं काय चाललंय ते इंग्रजीत सांगायचं, पाठमोऱ्यानं ऐकून कागदावर चित्र काढायचं. दीड मिनिटानं जागा बदलायच्या. त्याआधी फळ्यावर सहाच क्रियापदं लिहायची (रन, जंप, फॉल, हाइड, पुश, कॅच) आणि एक साचा: 'ही इज रनिंग'. यापेक्षा जास्त काही लिहिलंत तर मुलं पडदा सोडून फळा वाचत बसतात.

वर्षभर हजेरीला 'प्रेझेंट' म्हणण्यापलीकडे तोंड न उघडणारा एक मुलगा होता. त्याची बघायची पाळी आली. आधी नुसते हातवारे. मागून जोडीदार वैतागून ओरडला, "व्हॉट? टेल ना!" तसा हा उठून उभाच राहिला, "शीप... शीप इज... ट्री अप! ट्री अप!" जोडीदारानं बरोब्बर झाडावर मेंढी काढली.

मी तिथे टोकलं नाही. पण ते 'ट्री अप' मनात धरून ठेवलं, कारण ती चूक फार बोलकी आहे. आपण 'झाडावर' म्हणतो, आधी झाड, मग वर. इंग्रजीत आधी 'अप', मग 'द ट्री'. दुसऱ्या दिवशीचा तास त्याच्यावरच घेतला: तोच व्हिडिओ, जागोजागी थांबवायचा, चित्र झाकायचं आणि विचारायचं, "व्हेअर इज द डॉग?" अंडर द टेबल, बिहाइंड द डोअर, इन द बॉक्स. पुस्तकातून हेच घेतलं असतं तर वर्ग पेंगला असता. इथे उत्तर बरोबर आलं की चित्र उघडायचं, एवढंच बक्षीस.

यूट्यूबवरून दाखवत असाल तर कीबोर्ड वापरायची सवय करा. 'के' दाबलं की थांबतं, 'जे' दाबलं की दहा सेकंद मागे जातं आणि थांबलेलं असताना स्वल्पविराम-पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागेपुढे सरकतं. पात्र पडायच्या नेमक्या आधी थांबवून "व्हॉट हॅपन्स नेक्स्ट?" विचारायला हे सोन्यासारखं आहे. ऑटोप्ले मात्र आठवणीनं बंद करा. माझ्या वर्गात एकदा पुढचा भलताच व्हिडिओ सुरू झाला आणि मी लॅपटॉपवर अक्षरशः झडप घातली. सबटायटल्स मी या वयात लावत नाही. ऐकणं, बघणं आणि वाचणं एकदम झेपत नाही.

उलटा खेळही छान रंगतो: पडदा झाकून नुसता आवाज ऐकवायचा आणि कुठे काय घडतंय ते ओळखायचं. याला दहा मिनिटं पुरतात, जास्त ताणू नका.

शेवटचे दोन तास डबिंगला ठेवा. एका मिनिटाचा मूक तुकडा, चार-पाच मुलांचा गट, सहा वाक्यं, तीही 'लुक!', 'ओ नो!', 'गिव्ह मी द बॉल' इतकी छोटी. लाजाळू मुलांना प्राण्यांचे आवाज द्या, पण इंग्रजीतले. आपला कुत्रा भुंकतो भो भो, त्यांचा म्हणतो 'वूफ'. आपल्या कोंबड्याचं कुकूचकू, त्यांचं 'कॉक-अ-डूडल-डू'. या एका गोष्टीवर वर्ग पाच मिनिटं लोळून हसतो आणि तेवढ्यात तो लाजाळू गट सादरीकरणाला तयारही होतो.

गट तयारी करताना मुलं मराठीतच भांडणार: 'हे मी बोलणार, ते तू बोल'. भांडू द्या. तिथे 'स्पीक इन इंग्लिश' म्हणून ओरडलात तर सगळे गप्प होतील आणि मजा तिथेच संपेल. व्हिडिओ सुरू झाला की मात्र फक्त इंग्रजी, हा नियम ती स्वतःच एकमेकांना लावतात.

आणि हो, स्पीकर आदल्या दिवशी त्याच खोलीत लावून बघा. नाहीच चालला, तरी पाठमोऱ्या जोड्यांचा खेळ आवाजाशिवायच असतो, तो आधी घ्या.