विहिरीत पहिली उडी टाकण्याआधी

भावा, काठावर उभं राहिल्यावर पोटात जो गोळा येतो ना, त्याचीच चटक लागते. अ‍ॅड्रेनलिननं छाती धडधडते, पाय सुटले की सेकंदभर डोक्यात काहीच नसतं. चाळिशीतही मला ते हवंसं वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण आपल्या मराठवाड्यातल्या विहिरी काळ्या पाषाणात खोदलेल्या. दिवाळीला ३ परस (एक परस म्हणजे साधारण एका माणसाची उंची) पाणी असलेली विहीर चैत्रात कमरेइतकी होते, अन् वरून बघून कळत नाही. दरवेळी दोराला दगड बांधून खोली मोज. काल मोजली होती, हे चालत नाही; रात्रीतून मोटार चाललेली असते. हो, मोटारीचे फ्यूज काढूनच पाण्यात उतर.

२० फुटांवरून पडणारा माणूस ताशी जवळपास ४० किलोमीटर वेगानं पाण्यावर आदळतो. त्यामुळे सूर एवढ्यात नाहीच, पाय आधी. तळाला डोकं लागलं तर मान मोडते. माझ्या भुवईवरची खूण तर नुसत्या कपारीची आहे.

एकटा कधीच जाऊ नकोस. पोरं भित्रा म्हणाली तर खुशाल पायऱ्यांनी उतर. भुवईवर ती खूण पडली, त्या दिवशी मला पोहायचंच नव्हतं. काठावर चार जण बघत होते, म्हणून उडी मारली.